पाच थेरपी, एक बाळ: आधी काय, नंतर काय?

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात असा: "मुलगी आठ महिन्यांची. पस्तिसाव्या आठवड्यात झाली. अन्ननलिका जोडलेली नव्हती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. शीची जागा नव्हती, म्हणून पोटावर पिशवी आहे. खालचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी झालं, शीची जागा आवळू नये म्हणून घालायची कांडी, डायलेटर, चालू आहे, पिशवी बंद करायची बाकी आहे. एकच किडनी, हृदयात बारीक छिद्र, पाठीचा एक मणका अर्धाच. उजव्या हाताचं एक हाड नाही, अंगठा नाही, मनगट आत वळलेलं. डॉक्टर व्हॅक्टर्ल म्हणाले. फिजिओ, ऑक्युपेशनल, स्पीच, छातीचा फिजिओ, अर्ली इंटरव्हेन्शन असं सगळं सुरू करायला सांगितलं. आठवड्यातले पाच दिवस आम्ही पुण्याला येतो-जातो. ती रडून दमते, दूध पीत नाही, वजन वाढत नाही. सासूबाई म्हणतात, मालिशवाली लावा, हात सरळ होईल. यातलं खरंच काय गरजेचं आहे?"

ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्यांबद्दल बोलते. दूध सुटतंय आणि वजन थांबलंय, तर पाच दिवसांची ती ये-जा या आठवड्यापासून बंद करा. आठ महिन्यांच्या बाळाच्या हातात जागेपणाचे किती तास असतात? दोन दूध, एक आंघोळ, थोडा खेळ, बस्स. तेवढ्यात चार तास एसटीत गेले तर राहिलं काय? मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खाणं, पकडणं अशी रोजची कामं जमवून देणारी, बावीस वर्षं हेच काम करते, आणि आमच्याच धंद्यातल्या लोकांची ही खोड मला माहीत आहे: हात माझा, घसा तिचा, छाती त्याची. प्रत्येक जण आपापला अवयव बघून "रोज वीस मिनिटं करा" सांगून मोकळा होतो. पाच वेळा वीस मिनिटं म्हणजे किती, हा हिशेब आईनेच करायचा.

आजार थोडा समजून घ्या, म्हणजे क्रम आपोआप कळेल. व्हॅक्टर्ल हा रोग नाही, एकत्र दिसणाऱ्या दोषांचं नाव आहे. इंग्रजी आद्याक्षरं जोडून ते झालंय: मणके, गुदद्वार, हृदय, श्वासनलिका-अन्ननलिका, किडनी आणि हातपाय. यातले किमान तीन असले की नाव लागतं. 1973 मध्ये क्वान आणि स्मिथ या डॉक्टरांनी 'व्हेटर' असं लहान नाव दिलं होतं, हृदय आणि हातपाय यांची अक्षरं नंतर त्यात आली. या नावात मेंदू नाही, हे लक्षात ठेवा. बहुतेक मुलांची बुद्धी चांगली असते. तुमची लेक मागे दिसते आहे ती महिनोन्‌महिने पाठीवर, नळ्यांसकट पडून राहिल्यामुळे. शिवाय ती पाच आठवडे लवकर झाली. ते वजा करा, म्हणजे तिचं खरं वय सात महिन्यांच्याही आत आहे. या वयात बसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण हे मला दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळतं. कोणीतरी ग्रहणाचं बोललंच असेल. विळी हातात घेतली होतीस का, भाजी चिरलीस का. हे सगळे अवयव गर्भाच्या साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. तुमच्या हातून काही झालेलं नाही. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, आणि घरात पुन्हा तसंच बाळ होण्याची शक्यताही फार नसते. मात्र एक तपासणी डॉक्टरांना आवर्जून विचारा: फॅन्कोनी ॲनिमियाची. अंगठा आणि त्या बाजूचं हाड नसलेल्या काही मुलांमध्ये हा रक्ताचा आनुवंशिक आजार लपलेला असतो आणि वरून तो व्हॅक्टर्लसारखाच दिसतो. रक्ताची गुणसूत्रं तपासून कळतं. ही तपासणी झाली नसेल तर हाताच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी व्हायला हवी.

आता क्रम. माझ्या हिशेबात पहिला श्वास आणि घास, दुसरं उजवं कोपर, तिसरं धड. बाकीचं सध्या वहीत लिहून ठेवायचं.

श्वासाचं पटकन सांगते. भुंकल्यासारखा खोकला या मुलांना असतो. श्वासनलिकेची भिंत लेची असते म्हणून तो आवाज येतो, आणि वयाबरोबर कमी होतो. त्याला रोज छाती थोपटायची गरज नाही. छातीचा फिजिओ सर्दी-कफ झाला, न्यूमोनिया झाला तर. तेव्हाही डोकं खाली करून कफ काढायची जुनी पद्धत हिच्यासाठी नको, पोटातलं वर येऊन छातीत जाईल. कोणी मांडीवर उलटं झोपवून थोपटायला लागलं तर थांबवा. दूध पिताना ओठ निळे पडणं, दर घोटाला ठसका, वारंवार न्यूमोनिया, यातलं काही झालं तर थेरपिस्टकडे नाही, सरळ सर्जनकडे. पिताना कपाळावर घाम येत असेल, पाच मिनिटांत दमत असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना सांगा. ते छिद्र बारीक असलं तरी वजन न वाढण्याचं कारण तिथेही असू शकतं.

घासाला मात्र वेळ द्या. 1941 मध्ये अमेरिकेत कॅमेरून हाइट यांनी अशी तुटलेली अन्ननलिका एकाच ऑपरेशनमध्ये जोडून बाळ वाचवलं, त्याआधी असा जोड यशस्वी होतच नव्हता. जोडलेली नळी आतून कशी वागते, हे त्यानंतर मोठ्या झालेल्या मुलांनी आपल्याला शिकवलं. नळी जोडली तरी तिच्या लाटा नीट चालत नाहीत. घास उतरतो तो बराचसा वजनाने आणि पाण्याच्या घोटाने. म्हणून भरवताना बाळ ताठ बसलेलं हवं, आणि नंतर अर्धा तास तसंच. जोडाची जागा कधी कधी आवळते. काल खात होती ती आज लाळसुद्धा गिळेना, तोंडातून लाळ गळतेय, तर घास अडकलाय किंवा जागा आवळलीय. दवाखाना गाठा.

पण तुमची मुलगी तोंड फिरवते त्याचं कारण वेगळं असावं. तिच्या तोंडाला आजवर काय माहीत आहे? सक्शनची नळी, नाकातून पोटात घातलेली राइल्स ट्यूब, औषधाचा ड्रॉपर. चमचा जवळ आला की ती ओकारी काढणारच. इथे स्पीच थेरपिस्ट लागतो. लोक मला विचारतात, बोलत नाही त्या बाळाला स्पीच कशाला? गिळणं हेही त्यांचंच शास्त्र आहे. मात्र भरवण्याचं काम केलेला थेरपिस्ट शोधा, सगळेच ते करत नाहीत. तोवर घरी एवढंच करा. सगळे जेवायला बसतात तेव्हा तिला मांडीवर घ्या. पुढे वाटीत कोमट पेज ठेवा. भरवू नका. तिला हात बुडवू दे, फासू दे, स्वतःची बोटं स्वतः तोंडात घालू दे. उष्टावण झालं नाही म्हणून घरात हळहळ असेल, तर ते याच दिवशी करून टाका, चांदीच्या वाटीत बोट बुडवून. पेज, मग नाचणीचं सत्त्व, मग थोडी दाट खीर, मग मऊ वरणभात, अशी पायरी. एका पायरीवर दोन आठवडे गेले तरी जाऊ देत. पोळी, भाकरी, ब्रेड नळीत गोळा होऊन बसतात, ते पुढे दूध-आमटीत कुस्करून. फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर ही बरीच वर्षं लांब ठेवायची.

डायलेटरचा आणि भरवण्याचा काय संबंध, असं वाटेल. आहे. 1982 पासून पेन्या या सर्जनच्या पद्धतीने खालची जागा तयार करतात, आणि नंतर ती आवळू नये म्हणून घरच्यांनीच डायलेटर घालायचं असतं. आईबापांसाठी यासारखं कठीण काम नाही. बाळ किंचाळतं. ते ज्या गादीवर करता तिथे भरवू नका, खेळवू नका. जमलं तर करणारा हातही वेगळा ठेवा: डायलेटर बाबांनी, घास आईने, किंवा उलट. एका घरी बाळ आईला बघून रडायचं आणि सगळ्यांना वाटायचं भूक नाही. गादी बदलली, माणूस बदलला, आठ-दहा दिवसांत पेज जायला लागली.

आता हात. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा, मालिश करा, पण तेल अंगाला, ओढाताण नाही. उजव्या हातात जे हाड नाही ते मालिशने उगवणार नाही. मनगटाला त्या बाजूने आधारच नाही, शिवाय तिथले स्नायू-पडदे आखडलेले आहेत, म्हणून हात अंगठ्याच्या बाजूला वळलाय. मालिशवाली जोर लावून 'बसवायला' गेली तर वाढणाऱ्या हाडाच्या टोकाला इजा होईल. आणि पोटावरच्या पिशवीभोवती तेल अजिबात नको, पिशवी चिकटणार नाही.

तुम्ही करायचं ते असं. डायपर बदलून झाला की उजवा हात घ्या. एका हाताच्या चिमटीत तिचा कोपराखालचा भाग धरा, दुसऱ्याने तळहाताच्या मुळाशी. बोटं धरून ओढू नका. आधी हात लांबीच्या दिशेने हलकेच ताणा, जणू कापडातली सुरकुती काढताय, आणि तो ताण तसाच ठेवून करंगळीच्या बाजूला न्या. दहा अंक मोजा, सोडा. पाच-सहा वेळा. दिवसातून सात-आठ डायपर होतात, म्हणजे वेगळी वेळ काढायला नको. ती रडली तर तुम्ही जास्त ओढताय. डायलेटरनंतर लगेच मात्र हे करू नका, त्या वेळी तिला नुसतं जवळ घ्या.

पण मनगटाच्या आधी कोपर, असं मी वर का म्हटलं ते सांगते. नवीन होते तेव्हा माझ्याकडे दीड वर्षाचा मुलगा होता, दोन्ही हात असेच. मी दोन सुंदर स्प्लिंट, म्हणजे हात धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे साचे, बनवले, मनगटं अगदी सरळ. स्वतःवर खूश होते. पंधरा दिवसांनी त्याची आई आली आणि म्हणाली, "मॅडम, हा आता बिस्किट खात नाही." मी त्याच्या हातात बिस्किट दिलं. त्याने ते धरलं, उचललं, आणि हात छातीपाशी थांबला. मान पुढे काढून तो बिस्किटापर्यंत पोचायला बघत होता. त्याची कोपरं वाकतच नव्हती. वळलेल्या मनगटाच्या जोरावर तो इतके दिवस तोंडापर्यंत पोचत होता, आणि मी ते मनगट सरळ करून त्याचा घास काढून घेतला होता. हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. तरी कोपर तपासलं नव्हतं. दिवसाचे स्प्लिंट त्याच दिवशी काढले.

म्हणून कोणत्याही ऑपरेशनआधी प्रश्न हा: उजवं कोपर किती वाकतं? तुम्ही वाकवल्यावर किती, आणि ती स्वतः किती? चांगलं वाकत असेल तर ताणणं, स्प्लिंट, मग साधारण वर्षाच्या आसपास मनगट मधोमध आणायचं ऑपरेशन, आणि त्यानंतर तर्जनीला अंगठ्याच्या जागी आणायचं ऑपरेशन, असा रस्ता असतो. कोपर आखडलेलं असेल तर आधी फक्त कोपर, आणि मनगट सरळ करायची घाई करणाऱ्याला 'थांबा' म्हणायचं. हात फोटोत सरळ दिसला पाहिजे हा हट्ट बहुधा नातेवाइकांचा असतो. मुलीला कंगवा डोक्यापर्यंत न्यायचाय.

स्प्लिंटचं थोडं. तो ज्या प्लॅस्टिकचा असतो ते गरम पाण्यात मऊ होतं आणि हातावर थंड होऊन आकार धरतं. म्हणजेच मे महिन्यात बंद गाडीत विसरलात तर तो पुन्हा मऊ होऊन वाकडा होणार. आत मलमलचं जुनं धोतर किंवा लंगोटाचं कापड लावा, घाम शोषतं. काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेले नाहीत तर स्प्लिंट चुकलाय, बाळ नाही. या वयात दोन-तीन महिन्यांत तो लहान होतो. आणि सध्या रात्री झोपेतच घाला. दिवसा तिला त्या हाताने जग चाचपू दे.

अंगठा नसला तरी ती वस्तू उचलेल, पण तुम्हाला वाटतं त्या बोटांनी नाही. अशा हातात तर्जनी बहुधा ताठ असते, करंगळीकडची बोटं चपळ. गेल्या संक्रांतीला एका पेशंटच्या बोरन्हाणाला गेले होते. चुरमुरे, बोरं, हलवा, उसाचे करवे डोक्यावरून ओतले आणि पोरांची झुंबड उडाली. ही पोरगी, दोन वर्षांची, शांतपणे करंगळी आणि अनामिकेच्या फटीत एकेक चुरमुरा पकडून डाव्या मुठीत भरत होती. आजी "अगं नीट धर" म्हणून तिची तर्जनी पुढे करायला गेली, मी हात धरून थांबवलं. तीच तिची नीट पकड होती. फक्त बोरं आणि करवे तिच्या तोंडाजवळ जाणार नाहीत यावर लक्ष ठेवलं, कारण तिचीही अन्ननलिका जोडलेली.

धडाचं. पोटावर पिशवी म्हणून तुम्ही तिला कधी पालथं घातलं नसणार. बाहेर दिसणारा आतड्याचा तो लाल भाग दाबला तरी दुखत नाही, त्याला आपल्या कातडीसारखी वेदना नसते. पिशवी रिकामी करा, दूध पाजून तासभर होऊ दे, आणि तुम्ही मागे टेकून बसा, तिला छातीवर पालथं घ्या. चार-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. सवय झाली की सतरंजीवर, छातीखाली चादरीची गुंडाळी. उजवा हात आखूड म्हणून ती त्या बाजूला कलंडेल, तर त्या कोपराखाली नॅपकिनची घडी ठेवा, दोन्ही खांदे एका रेषेत येतील. यातून मान, पाठ, खांदे सगळं होतं, म्हणून वेगळा फिजिओ आत्ता महिन्यातून एकदा पुरे. वॉकर आणू नका. पिशवी बंद करायचं ऑपरेशन झालं की टाक्यांसाठी काही आठवडे पालथं बंद, ते सर्जन सांगतील तसं. पिशवी बंद झाल्यावर शी थेट खाली येते आणि कातडी सोलवटते, तेव्हा झिंक ऑक्साइडचं जाड मलम पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा.

अर्ध्या मणक्याबद्दल कोणी 'व्यायामाने पाठ सरळ करतो' म्हणालं तर पैसे देऊ नका. जन्मजात मणक्याचा बाक व्यायामाने जात नाही, तो ठरलेल्या वेळी एक्स-रे काढून पाहायचा असतो, विशेषतः पहिली काही वर्षं आणि वयात येताना. पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू खाली अडकलेली नाही ना, याची तपासणी झाली का तेही विचारा. पुढे चालायला लागल्यावर अचानक पाय वाकडा पडू लागला, शू नव्याने गळू लागली तर ती खूण असते. ऐकू येतं का ते बघणारी कानाची बेरा तपासणी राहिली असेल तर करून घ्या. एनआयसीयूतली, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली, काही अँटिबायोटिक्स कानाला त्रास देतात.

पैशांचं आणि अंतराचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याखाली जिल्हा रुग्णालयात अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर, म्हणजे डीईआयसी, असतं. जन्मजात दोष असलेल्या मुलांना तिथे थेरपी मोफत मिळते. माणसं कमी-जास्त असतात, पण पुण्यापेक्षा जवळ असेल तर आधी तिथे जा. शस्त्रक्रियांसाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. हाताच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, आत्ताच काढा. लहान वयात ते बहुधा तात्पुरतं मिळतं, हरकत नाही. चाळीस टक्के किंवा जास्त भरलं आणि घरात कोणी जुन्या पद्धतीने आयकर भरत असेल तर अपंग अवलंबितासाठीची किमान 75,000 रुपयांची वजावट मिळते.

पुढचं फार लांबचं आत्ता डोक्यात घेऊ नका, पण एक सांगते. शीवर ताबा हा या मुलांच्या शाळेचा खरा प्रश्न असतो, लिहिण्याचा नसतो. अडीच-तीन वर्षांची झाली की जेवणानंतर ठरलेल्या वेळी कमोडवर, पायाखाली पाट देऊन बसवायची सवय, आणि त्याने न भागल्यास रोज एनिमाने आतडं रिकामं करायची पद्धत. माझा एक जुना पेशंट आता इंजिनिअरिंगला आहे. डाव्या हाताने लिहितो, स्कूटर चालवतो. हॉस्टेल निवडताना त्याने मेस बघितली नाही, खोलीला लागून स्वतंत्र संडास आहे का ते बघितलं, कारण रोज रात्री त्याला पाऊण तास तिथे लागतो. पिशवी बंद होण्याआधीच सर्जनना विचारून ठेवा, ताबा येण्याची आशा किती आहे. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड (सेक्रम) कसं घडलंय त्यावरून त्यांना बराच अंदाज येतो.

तर या महिन्यात: आठवड्यातून एक फेरी, तीही भरवणाऱ्या थेरपिस्टकडे. बाकीच्यांना फोनवर सांगा की बाळाचं वजन वाढेपर्यंत थांबतोय. रागावणार नाहीत, आणि रागावले तर रागावू दे. शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक डॉक्टर-थेरपिस्टकडून त्याच वहीत लिहून घ्या, म्हणजे एकाला दुसऱ्याचं कळेल. दर आठवड्याला वजन, तेही त्याच काट्यावर, पिशवी रिकामी करून.

आणि मला एक व्हिडिओ पाठवा. डायपर बदलताना, स्प्लिंट काढलेला, तिच्या उजव्या बाजूला खुळखुळा धरून. तिला स्वतः हात वाकवू दे, तुम्ही लावू नका. कोपर किती वळतं ते मला बघायचंय, मग पुढचं सांगते.